आईनं सोडलेलं दूध

आईच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा आम्ही हसलो. ती ओट्याशी स्टुलावर बसून भाजी निवडायची. फळीवरचा डबा काढायला हात वर केला की चारही बांगड्या सर्रकन खाली यायच्या आणि कोपराशी थांबायच्या. मी म्हणायचे, "आई, आता यांना दंडात घाल, वाकी म्हणून." तीही हसायची. एकोणऐंशी वय, पण बीपी नाही, साखर नाही, सुटलेलं पोट नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आंटीजी तो एकदम फिट हैं." आणि मी, तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, अभिमानानं सांगायचे की आमची आई भारी काटक आहे हो. समतोल आहाराचा तक्ता मी पोरांकडून घोकून घेतला, नाही आला तर पट्ट्या मारल्या. घरात बघायची वेळ आली तेव्हा माझेच डोळे कुठे गेले होते कोण जाणे.

आम्ही दोघीच राहायचो, आनंद नगरला, बाबांनी बांधलेल्या घरात. बाबा साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले आणि भोपाळचेच झाले. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. माझे यजमान त्याच्याही आधी गेले, तेव्हापासून मी आईकडेच. भाऊ पुण्याला. माझी एकुलती एक मुलगी हैदराबादला, कंप्युटरच्या नोकरीत, आणि त्या वर्षी तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईच्या पायाचं बघता ते हैदराबादलाच करायचं ठरलं. तिच्या सासूबाई तिकडे जाऊन राहिल्या होत्या.

आईचा उजवा खुबा दोन वर्षं दुखत होता. ती भिंतीला हात लावून चालायची. खोलीपासून मोरीपर्यंत भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. दिवाळीला रंग दिला की तो जायचा आणि संक्रांतीपर्यंत परत दिसायचा. पुढे पुढे तो पट्टा खाली सरकला. ती वाकत चालली होती, दुसरं काय. मला वाटलं, वय आहे.

शेवटी एकदा ती देवघरासमोर बसली आणि तिला उठताच येईना. मी काखेत हात घालून उचललं आणि दचकले. वजनच लागलं नाही हाताला. तेव्हा मात्र मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, उंचेपुरे, कमी बोलणारे. फोटो बघून म्हणाले, खुब्याचा गोळा पार झिजलाय, बदलावा लागेल, या वयातही करतात, माताजी चालतील. आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पण नंतर डॉक्टरांनी तिचा दंड अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरला. कडं सहज मिटलं. मग खाली वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि काढला. खळगा पडला तो तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत पडतो तसा. मला वाटत होतं की पाय जरा भरलेत, अंगावर आलंय थोडं. डोंबलाचं अंगावर आलं होतं. ती सूज होती.

"माताजी, खाती क्या हो?"

"सब खाती हूँ," आई म्हणाली.

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात घेऊन ते आईशी नाही, माझ्याशी बोलले. रक्तात प्रोटीन फार कमी आहे. वर्षभरात वजन उतरलंय, ते काटकपणामुळे नाही, उपासमारीमुळे. "मॅडम, कूल्हा तो मैं बदल दूँगा. लेकिन टाँके भरने के लिए शरीर में कुछ होना चाहिए. इनके शरीर में कुछ बचा नहीं है." अशा पेशंटची जखम चिघळते, आत पू होतो, मग नवा सांधाही काढावा लागतो, आणि पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सहा आठवडे दिले त्यांनी. सहा आठवडे खायला घाला, मग बघू. उपासमार हा शब्द माझ्या घरासाठी कोणी वापरेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. दोन-दोन डबे भरून बेसनाचे लाडू होते हो घरात.

आहाराचं बघणारी मुलगी शेजारच्या खोलीत बसायची. तिनं छापील कागद काढला आणि एकेका ओळीवर पेन टेकवत विचारू लागली. दूध? नाही. दही? नाही. दाल? नाही. मूंगफली? नाही. अंड्याला तर आमच्या घरात कोणी शिवतही नाही. तिचं पेन थांबलं. "तो फिर आंटी खाती क्या हैं?" मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

आता हे समजावून सांगायला हवं, कारण त्या मुलीला मी नीट सांगूच शकले नाही. आमच्याकडे देवाकडे काही मागायचं तर काहीतरी सोडतात. चातुर्मासात चार महिन्यांसाठी सोडतात, नवस म्हणून कायमचं सोडतात, आणि काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ गंगेवर सोडून यायचा, तो पुन्हा तोंडात घालायचा नाही. बाबांनी काशीला कारलं सोडलं, जे त्यांनी आयुष्यात कधी खाल्लंच नव्हतं. आईला ती लबाडी वाटली. तिनं दही सोडलं, तिच्या जिवाचं दही. भावाला नोकरी लागत नव्हती तेव्हा शेंगदाणे सोडले. तेव्हापासून तिची साबुदाण्याची खिचडी बिनकुटाची, कोरडी ठण्ण. बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा तूरडाळ सोडली, आणि हळूहळू सगळ्याच डाळी. लोक म्हणतात आधी पोटोबा, मग विठोबा. आमच्या घरात आधी विठोबा, मग सगळ्यांचे पोटोबा, आणि उरलंसुरलं तर आई. तिच्या पानात काय राहिलं होतं, तर अर्धी पोळी, दोडक्याची नाहीतर दुधीची भाजी आणि काळा चहा. आम्ही म्हणायचो, आईचं जेवण किती साधं.

आणि दूध तिनं सोडलं माझ्यासाठी. म्हणजे माझ्या मुलीसाठी.

मुलगी चार वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. अकराव्या दिवशीही ताप उतरेना, डॉक्टर नजर चुकवायला लागले. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते आणि आई माझ्याजवळ उभी होती. तिनं हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. भाजीवालीशी बोलावं तशी वर बघून म्हणाली, "हिला उठव. मी दूध सोडलं." दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आदल्या दिवशी औषध बदललं होतं, हे मला ठाऊक होतं. विज्ञानाची बाई मी. तरी त्या दिवसापासून आई काळा चहा गाळायला लागली की मी तिच्याकडे बघायचे नाही. साईचं भांडं खरवडून खाणारी बाई ती. सत्तावीस वर्षं तिनं दुधाचा थेंब घेतला नाही, आणि मी एकदाही म्हटलं नाही की आई, पुरे आता.

आहाराचा कागद घेऊन घरी आल्यावर मी तडक आमच्या गुरुजींना फोन लावला. गणपतीला, श्राद्धाला तेच येतात. ते समजूतदार. म्हणाले, प्राणावर बेतलं तर नेम मोडलेला चालतो, देव काय सावकार आहे का? पण म्हातारीच्या मनाला पटायला हवं असेल तर एक करा. ज्याच्यासाठी सोडलं त्यानं, नाहीतर त्याच्या आईबापानं, स्वतः म्हणावं की घे. मग दोष उरत नाही.

आईला ते पटलं. भावानं व्हिडिओ कॉलवर हात जोडून सांगितलं, आई, शेंगदाणे खा. तिनं दोन दाणे तोंडात टाकले. डाळीचं तिनंच सोडवलं. म्हणाली, "ज्यांच्यासाठी सोडली ते तर गेलेच. आता कोणाला राखायचंय?" मी करोंद मंडीतून चांगली डाळ आणवली, घट्ट वरण केलं. पण सवय मोडलेलं पोट ते. डाळीनं पोट फुगायचं, रात्रीचं जेवण जायचं नाही. दाणे कवळीत अडकायचे, कूट केला तर ठसका लागायचा. त्या आहारवाल्या मुलीनं आधीच सांगितलं होतं की यांना चावायला न लागणारं, पचायला हलकं द्या. तिनं एक पावडरचा डबा लिहून दिला होता, दिवसातून तीनदा दुधात घालून. सगळं गाडं त्या एका दुधाशी येऊन अडलं.

डबा मी आणला. फ्रिजवर ठेवला. एका सकाळी दूध गरम केलं, दोन चमचे पावडर घातली आणि ग्लास घेऊन आईसमोर गेले. ती पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून. तिनं ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू म्हण," ती म्हणाली. "तू तिची आई आहेस. तू घे म्हणालीस की मी घेते."

एवढंच म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. त्या वेळी माझ्या मुलीला आठवा महिना लागला होता. आदल्याच दिवशी ती फोनवर म्हणाली होती की बाळ जरा कमी हलतंय, डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. मी तोंड उघडलं, आणि मला तो व्हरांडा दिसला, तो बाक, ते नजर चुकवणारे डॉक्टर. वाटलं, आत्ता नको. बाळंतपण होऊ दे. दोनच महिने तर आहेत.

"गार झालंय वाटतं," मी म्हणाले. "थांब, गरम करून आणते."

मी ग्लास आत नेला आणि सिंकमध्ये ओतून दिला. परत तिच्या खोलीत गेले नाही. पेपर वाचत बसले.

नंतर मी बरीच नाटकं केली. शेळीचं दूध चालेल का, असं गुरुजींना विचारलं. पावडरही दुधापासूनच केलेली; ती तरी वरणात कालवावी म्हणून चमचा भरून पातेल्यावर धरला, आणि हात तिथेच थांबला. कारण चोरून घातलेलं आईला कळलं नसतं, पण मला कळलं असतं आणि त्या वरच्यालाही. हे मी लिहिते आहे, जी सूर्यग्रहणात पोरांना मैदानात उभं करून लाडू खायला लावायची. मुलीला तर मी काहीच सांगितलं नाही. ती म्हणाली असती, आई, काय वेडेपणा, दे आजीला दूध. म्हणूनच सांगितलं नाही.

आईनं पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र दर दोन दिवसांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबून बघायचे. खळगा तसाच राहायचा. तिचे केस उशीवर यायला लागले होते. अंगठीला दोरा गुंडाळला होता तरी ती पडायची.

पाचव्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, मी दारात कचऱ्याच्या गाडीशी होते. आत धप्प आवाज झाला. मोठा नाही, पोतं ठेवल्यासारखा. आई मोरीच्या उंबऱ्याशी आडवी पडली होती. भिंत सोडून दाराला हात लावायला गेली आणि दार उघडंच होतं. ती कण्हत नव्हती. नुसतं म्हणाली, "माझा पाय कुठेय बघ गं." उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता, कोणी दुसऱ्यानं ठेवून दिल्यासारखा.

आता थांबायची सोय राहिली नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, निजून राहिल्या तर छाती भरेल, अंगाला जखमा होतील, दोन दिवसांत करावंच लागेल. मग त्यांनी फाइल बंद करून विचारलं, "वो पाउडर, दूध, चल रहा था ना?"

मी म्हणाले, "हाँ. थोड़ा-थोड़ा."

का म्हणाले ते विचारू नका. शाळेत कोणी असं खोटं बोललं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं असं सगळे म्हणाले. तिसऱ्या दिवशी आईला वॉकर धरून उभं केलं. तिनं दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "अगं, दुखत नाही." दोन वर्षांनी पहिल्यांदा. मी बाहेर जाऊन रडले. वाटलं, सुटले मी. घाबरले, खोटं बोलले, तरी सुटले.

आठव्या दिवशी पट्टी ओली निघाली. नर्स म्हणाली, होतं कधी कधी. नवव्या दिवशी चादरीवर ओलसर गोल उमटला. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी टाक्यांपाशी हलकेच दाबलं आणि खाली वाकून नीट बघितलं. कडा जुळल्याच नव्हत्या. वर धागा होता म्हणून कातडं एकत्र दिसत होतं, आत काही धरलंच नव्हतं. तिला पुन्हा आत नेलं, जखम उघडून धुतली. चार दिवसांनी आणखी एकदा. ताप यायचा, जायचा, यायचा. नळीतून पोटात काही द्यायचं तर आई नळी ओढून काढायची.

पहिल्या ऑपरेशनचा दिवस धरून सोळाव्या दिवशी दुपारी हैदराबादहून फोन आला. मुलगी झाली. थोडी आधीच झाली, पण वजन बरं आहे, आई आणि बाळ दोघी ठीक. मी आईच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं डोळे उघडले.

"दोघी नीट आहेत ना? नक्की?"

"नक्की."

"मग आता आण दूध," आई म्हणाली.

मी धावत खाली कँटीनमध्ये गेले. ग्लास आणला, तिचं डोकं हातावर धरलं. ती सगळं प्यायली, थांबत थांबत, पण सगळं. वरच्या ओठावर साय चिकटली होती ती तिनं जिभेनं घेतली. "किती गोड असतं गं," ती म्हणाली. "विसरलेच होते."

मी तिचं तोंड पुसत होते. मला राहवलं नाही. विचारलं, "आई, त्या दिवशीच का नाही प्यायलीस?"

"तू म्हणाली नाहीस."

"मी भ्याले गं."

"कळलं मला ते," आई म्हणाली. "ग्लास गार नव्हता, वाफ येत होती. मीही भ्यालेच असते. म्हटलं, बाळ येईपर्यंत थांबू."

त्यानंतर ती मागून मागून दूध प्यायची. नळीनं नाही, ग्लासानं. पण ते वरातीमागून घोडं होतं. दूध सुरू केल्याच्या अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. रक्तात विष पसरलं, असं कागदावर लिहिलं होतं. मी नंतर एकदा डॉक्टरांना गाठलं आणि खरं सांगितलं. महिनाभर दूध घेतलं असतं तर वाचली असती का, असं विचारलं. ते म्हणाले, कह नहीं सकते मॅडम. एवढ्या वर्षांची झीज महिन्यात भरतेच असं नाही. कदाचित भरली असती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांनी लेक बाळाला घेऊन आली. मी खरंच आनंदात होते, न्हाऊमाखू घालत होते, शेक-शेगडी करत होते. पण ती बारीक दिसत होती. डोळ्यांखाली काळं. अंगावर पाजणारी बाई अशी दिसू नये. मी म्हणाले, खातेस ना नीट? ती म्हणाली, सगळं खाते. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं.

दुपारी मी तिच्यासाठी खारीक घालून दूध आटवलं. तिनं वाटी बाजूला सारली.

"मी दूध सोडलंय आई," ती म्हणाली. सहज, मोबाईलवरून नजर न काढता. "आजीला ऑपरेशनला नेलं ना, त्या दिवशी. म्हटलं, आजी चालायला लागली की घेईन. आणि आता ती..."

पाळण्यात बाळ निजलं होतं. बाहेर रायसेन रोडवर ट्रक जात होते. ही माझी इंजिनिअर मुलगी, जी याला वेडेपणा म्हणेल म्हणून मी तिला काही सांगितलं नव्हतं.

मी वाटी उचलली. वाफ होती अजून.

"घे," मी म्हणाले. "मी तुझी आई आहे. मी सांगते, घे."

तिनं आधी पाळण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वाटी तिच्या हाताशी नेली, तेव्हा दूध काठावरून सांडून माझ्या मनगटावर आलं. पण मी वाटी मागे घेतली नाही. तिनं मोबाईल खाली ठेवला, वाटी घेतली आणि ती प्यायली.

संध्याकाळी बाळाला दोन शिंका आल्या. मी हातातलं टाकून पाळण्याशी गेले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. तरी मी हात काढला नाही.